शिरूर-दौंडच्या घरात ओंजळभर समुद्र

दौंड जंक्शनवरून मुंबईची गाडी पकडली, तर बोरघाट उतरून समुद्राचा वारा लागेपर्यंत पाचेक तास जातात. शिरूरहून एसटीने निघाले तरी पुणे ओलांडून जवळपास तेवढाच वेळ लागतो. नकाशावर सरळ रेघ मारली तरी ही दोन्ही गावे अरबी समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहेत. शिरूरची घोड नदी पुढे भीमेला मिळते, दौंडच्या काठाने वाहणारी भीमा कृष्णेला मिळते आणि हे पाणी अखेर समुद्राला पोचते ते पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरात.

अशा गावातल्या एखाद्या मुलाने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा घरी हवा म्हणून हट्ट धरला, तर घरातली मोठी माणसे अडचणीत येतात. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे मुले ज्याला ‘निमो’ म्हणून ओळखतात, तो क्लाउनफिश खाऱ्या पाण्यातला. गोल्डफिश किंवा गप्पीसारखा तो नळाच्या पाण्यात राहत नाही. दुकानात चौकशी केली की पाणी थंड ठेवणारे चिलर, फेस काढणारे स्किमर, खास दिवे अशी यादी समोर येते आणि आकडा हजारांत जातो. मग बेत तिथेच बारगळतो किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट माहितीवर टाकी मांडली जाते आणि आठवड्याभरात मासे मरतात.

खरे तर यातली बहुतेक उपकरणे जे काम करतात, ते काम पीव्हीसी पाइप, माठाच्या खापऱ्या, कॉम्प्युटरचा जुना पंखा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा यांच्याकडून करून घेता येते. पण त्यासाठी प्रत्येक उपकरणामागचे विज्ञान समजून घ्यावे लागते. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, याचे उत्तरही त्यातच मिळते.

मीठ म्हणजे समुद्र नव्हे

पहिली चूक बहुतेकांकडून इथेच होते. समुद्र खारट, मीठ खारट, म्हणून बादलीभर पाण्यात मीठ कालवले की झाले, असे वाटते. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात हे खरे. पण त्यात सोडियम आणि क्लोराइड यांच्याबरोबर सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट हेही ठरावीक प्रमाणात असतात. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष मांडला. समुद्र कमी-अधिक खारा असला तरी या मुख्य घटकांचे परस्परांशी प्रमाण सगळीकडे जवळपास सारखेच असते, असे त्यातून दिसले. समुद्री जिवांची शरीरे या प्रमाणाला सरावलेली आहेत.

हे प्रमाण बिघडले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. हरियाणात काही भागांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. तिथे कोळंबी वाढवण्याचे प्रयोग झाले, तेव्हा खारेपणा पुरेसा असूनही पोटॅशियम कमी असल्याने कोळंबी तग धरेना. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतकजवळच्या केंद्रात यावर काम झाले आणि पाण्यात पोटॅश मिसळून हा दोष दूर करता येतो, हे दिसून आले. उसाला पोटॅश कधी द्यायचे हे दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कोळंबीलाही ते लागते, एवढेच त्याच्यासाठी नवे.

कृत्रिम समुद्रजलाची कल्पनाही जुनी आहे. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८५४ मध्येच त्याची कृती प्रसिद्ध केली होती. प्रयोगशाळांत पुढे रुळलेली १९४० ची लायमन आणि फ्लेमिंग यांची कृती पाहिली, तर १ किलो पाण्यात साधे मीठ साडेतेवीस ग्रॅम, निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड ५ ग्रॅम, सोडियम सल्फेट ३.९ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड १.१ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा ०.२ ग्रॅम असा मुख्य हिशेब निघतो. बाकीचे घटक अत्यल्प असतात. ही द्रव्ये मिळवून मिश्रण घरी करता येते. मात्र कृषी सेवा केंद्रातल्या खताच्या दर्जाच्या क्षारांत इतर धातूंची भेसळ असू शकते आणि तांब्याचा अंशही खेकडे, गोगलगायी, कोळंबी यांना मारक ठरतो. त्यामुळे द्रव्ये औषधी किंवा खाद्य दर्जाचीच हवीत. नवख्याने मात्र मत्स्यालयासाठी मिळणारे तयार समुद्री मीठ वापरणे शहाणपणाचे. हे मीठ लिटरला सुमारे ३८ ग्रॅम लागते, कारण त्यात थोडा ओलावा असतो. ४५ लिटरच्या टाकीला सुरुवातीला पावणेदोन किलो आणि दर आठवड्याला ५ लिटर पाणी बदलायचे धरले, तर वर्षाला आणखी सुमारे १० किलो मीठ लागेल. काटकसर करायची तर टाकी लहान ठेवून करावी, मिठाचा दर्जा उतरवून नव्हे.

मीठ कालवायचे पाणीही तितकेच महत्त्वाचे. या भागातले बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून येते, ते जड असते. शिवाय बागायती पट्ट्यात खतांतले नायट्रेट त्यात उतरलेले असू शकते. म्हणून आरओचे पाणी घ्यावे आणि साध्या टीडीएस मीटरने ते तपासावे. चवीसाठी खनिजे परत मिसळणारी आरओ यंत्रे आणि जारचे पाणी यांत आकडा बराच वर दिसतो. एसीतून गळणारे पाणी शुद्ध समजून अनेक जण वापरतात, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून ठिबकलेले असते. ते या टाकीत घालू नये.

वजनकाटा आणि २६ ग्रॅम

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचे उपकरण मिळते. ते नसेल तर ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि एक बाटली पुरते. रिकाम्या बाटलीचे वजन करायचे. मग ती आरओच्या पाण्याने काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरून वजन करायचे. नंतर त्याच बाटलीत, त्याच तापमानाचे टाकीतले पाणी भरून पुन्हा वजन करायचे. दोन्ही वेळा बाटलीचे वजन वजा केले की उरते ते पाण्याचे वजन. ज्या बाटलीत गोडे पाणी १००० ग्रॅम मावते, तिच्यात समुद्राचे पाणी सुमारे १०२६ ग्रॅम मावले पाहिजे. १०२० भरले तर मीठ कमी पडले, १०३२ भरले तर जास्त झाले. काट्यात एका ग्रॅमची चूक झाली, तरी खारेपणात लिटरमागे सव्वा-दीड ग्रॅमच्या आसपास फरक पडतो. माशांना तेवढा चालतो.

रोजच्या तपासणीसाठी तरंगता काटाही घरी बनतो. जाड स्ट्रॉचे एक टोक सिलिकॉनने बंद करून आत थोडी वाळू घालायची, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगते. मग ३७ ग्रॅम मीठ ९६३ ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवायचे. या द्रावणाची घनता समुद्राच्या पाण्याइतकीच असते, म्हणून त्यात स्ट्रॉ जिथवर बुडते तिथे खूण करायची. स्ट्रॉचा बुडालेला भाग १५ सेंटिमीटर असेल, तर गोडे पाणी आणि समुद्र यांतला फरक जेमतेम ४ मिलिमीटर दिसतो. म्हणून खूण बारीक पेनाने करावी आणि महिन्यातून एकदा वजनकाट्याशी ताडून पाहावी. हे मिठाचे द्रावण फक्त मोजमापासाठी आहे. त्यात मासा सोडायचा नाही.

टाकी, पाइप आणि बुडबुडे

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा आणि आतले दगड वजा जाता ४५ लिटर धरावे. काचेच्या दुकानातून ६ मिलिमीटरची काच कापून घेऊन अशी टाकी घरी चिकटवता येते. सिलिकॉन मात्र साधे, व्हिनेगरसारखा वास येणारे घ्यावे. बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये विषारी द्रव्य असते. आठवडाभर सुकवून, गोडे पाणी भरून, दोन दिवस गळती पाहावी. पाणी, काच, दगड मिळून वजन ६५ किलोच्या घरात जाते. टीव्हीच्या तकलादू स्टँडवर ते ठेवू नये.

या टाकीचे हृदय म्हणजे हवेचा छोटा पंप. अर्ध्या किंवा पाऊण इंची पीव्हीसी पाइप टाकीत उभा ठेवून त्याच्या तळाशी पंपाची नळी सोडली, की वर चढणारे बुडबुडे आपल्याबरोबर पाणीही वर ढकलतात. विहिरीत कॉम्प्रेसरची हवा सोडून पाणी उपसण्याची रीत याच तत्त्वावर चालते. पाइपाचे खालचे तोंड स्पंजमधून काढले, तर त्याच हवेवर पाणी गाळले जाते, फिरते आणि प्राणवायूही मिळतो. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा. तो खाली असेल, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात आणि बोर्डावर उतरते.

१९६१ मध्ये जाकार्तातील ली चिन एंग यांनी अशाच साध्या पद्धतीबद्दल लिहिले होते. त्यांच्या टाक्यांत समुद्रातले सजीव दगड आणि हवेचे बुडबुडे यांपलीकडे फारसे काही नव्हते, तरी प्रवाळ टिकत होते. फेस काढणारे स्किमर हे यंत्रही मुळात बुडबुड्यांवरच चालते. प्रथिनांचे कण बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. वादळी दिवसांत किनाऱ्यावर साचणारा फेसही असाच तयार होतो. प्लास्टिकच्या बाटलीपासून स्किमर बनवता येतो, पण दोनच लहान मासे आणि दर आठवड्याला पाणीबदल एवढ्यावर भागत असेल तर त्याची गरज नाही. मासेच ठेवायचे, प्रवाळ नाही, असे ठरवले तर महागडे दिवेही नकोत. पांढरा ९ वॉटचा एलईडी बल्ब पुरतो. त्यावर रोज आठ तास दिवा, चोवीस तास ५ वॉटचा पंप आणि उन्हाळ्यात छोटा पंखा धरला, तरी महिन्याची वीज आठ-दहा युनिटच्या पुढे जात नाही. थंडीत हीटर लागला, तर मात्र हा आकडा वाढतो.

तळाशी आणि आत सच्छिद्र काहीतरी हवे. फुटलेल्या माठाच्या, झिलई नसलेल्या खापऱ्या त्यासाठी उत्तम. कोकणातून आणलेले शिंपल्यांचे तुकडे उकळून, धुऊन घातले तर ते चुन्याचे असल्याने पाणी आम्ल होऊ देत नाहीत. पांढरे सिमेंट, शिंपल्यांचा भुगा आणि जाडे मीठ कालवून दगडही बनवतात. नंतर मीठ विरघळून जाते आणि दगडात भोके राहतात. मात्र सिमेंट पाण्याला तीव्र अल्कली बनवते. असा दगड बादलीत, पाणी बदलत, महिना-दोन महिने भिजवून पीएच ८.३ च्या आसपास स्थिरावल्याशिवाय वापरू नये. लोखंडी खिळे, पितळी कॉक, तांब्याची तार यांपैकी काहीही पाण्याला लागता कामा नये.

सहा आठवडे माशांविना

टाकी भरली, पाणी काचेसारखे दिसू लागले, की त्याच संध्याकाळी मासा आणण्याचा मोह होतो. नव्या टाकीतले बहुतेक मासे या घाईनेच मरतात.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो. उरलेले खाद्य कुजले की आणखी अमोनिया तयार होतो. समुद्रात तो क्षणात विरतो, टाकीत साचतो. त्यातही खारे पाणी जास्त धोक्याचे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातले विषारी रूप पीएच वाढला की वाढते. पीएच ७ च्या पाण्यात ते जेवढे असते, त्याच्या दहा पटींहून अधिक ते समुद्राच्या ८.२ पीएचला असते.

यावरचा उपाय विकत मिळणाऱ्या यंत्रात नाही, जिवाणूंत आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. शेतात युरिया टाकल्यावर मातीत जे घडते, तेच इथे खापरीच्या भोकांत घडते. फरक वेळेचा आहे. विरजण लावलेले दूध एका रात्रीत घट्ट होते, कारण दह्याचे जिवाणू झपाट्याने दुपटीने वाढतात. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना दुप्पट व्हायला अर्धा-एक दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. म्हणून टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

या काळात रिकाम्या टाकीत कच्च्या कोळंबीचा लहान तुकडा टाकून कुजू द्यावा. अमोनिया वाढतो, मग उतरतो. नायट्राइट वाढतो, मग तोही उतरतो. शेवटी फक्त नायट्रेट उरतो आणि तो पाणी बदलून काढता येतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार झाली असे समजावे. हे मोजायला थेंबांच्या चाचणीचे किट लागतात. त्यांना घरगुती पर्याय नाही आणि इथे पैसे वाचवू नयेत. पाण्याचा वास घेऊन किंवा रंग पाहून अमोनिया कळत नाही.

मे महिना आणि माठ

शिरूर-दौंडच्या टाकीची खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. पारा चाळिशीपार जातो. क्लाउनफिशला २४ ते २८ अंश मानवते, तिशीच्या वर तो अडचणीत येतो. चिलर परवडत नसेल तर माठाकडून शिकावे. पाण्याची वाफ होताना उरलेल्या पाण्यातली उष्णता ती घेऊन जाते. एक लिटर पाणी उडून गेले, तर हिशेबाने १०० लिटर पाणी पाच-सहा अंशांनी गार होण्याइतकी उष्णता बाहेर पडते. खोलीतली उष्णता पुन्हा आत येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचाच फरक पडतो. तेवढा पुष्कळदा पुरतो. म्हणून टाकीवर काचेचे झाकण न ठेवता जाळी घालावी, म्हणजे मासा उडी मारून बाहेर पडणार नाही, आणि कॉम्प्युटरचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा देईल असा लावावा.

इथे समुद्रापासून लांब असण्याचा फायदाच होतो. रत्नागिरीच्या दमट हवेत माठ फारसा गार होत नाही, पंख्याची ही युक्तीही तिथे तितकी चालत नाही. दौंडच्या कोरड्या मे महिन्यात ती चांगली चालते. पावसाळ्यात तिचा परिणाम घटतो, पण तेव्हा उन्हाची तीव्रताही घटलेली असते.

या फायद्याबरोबर एक धोका येतो. पाणी उडते, मीठ मागेच राहते. पंख्याखाली दिवसाला लिटरभर पाणी उडाले आणि पाच दिवस कोणी पाहिले नाही, तर ४५ लिटरचे ४० लिटर होते आणि ३५ चा खारेपणा ३९ च्या वर जातो. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि रोज तेवढी भर घालावी. ही भर नेहमी गोड्या पाण्याची. मिठाचे पाणी फक्त पाणी बदलताना घालायचे. डिसेंबर-जानेवारीत प्रश्न उलटा होतो. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा ५० वॉटचा हीटर लागतो. तो चांगल्या प्रतीचाच घ्यावा.

वीज गेली तर

खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सहा मिलिग्रॅमच्या थोडा वर. हा झाला समुद्रसपाटीचा आकडा. शिरूर-दौंड सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी आणि प्राणवायू आणखी पाच-सहा टक्क्यांनी कमी. त्यामुळे भर दुपारी वीज गेली, की मासे आणि खापऱ्यांतले जिवाणू दोघांचाही श्वास कोंडायला लागतो.

ही अडचण नवी नाही. १८४६ मध्ये ॲना थाइन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. तेव्हा पंप नव्हता, वीज नव्हती आणि समुद्राचे पाणी वरचेवर मागवणे परवडणारे नव्हते. त्यांच्या घरी उघड्या खिडकीशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतले जाई. हे काम घरातल्या मोलकरणीकडे होते. पुढे त्यांनी टाकीत समुद्री शैवाल घातले आणि प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. घरात टिकवलेल्या सागरी मत्स्यालयाच्या सुरुवातीच्या उदाहरणांत याची गणना होते.

पावणेदोनशे वर्षांनंतरही तोच उपाय लागू पडतो. मगाने टाकीतले पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतायचे, दर पंधरा मिनिटांनी पाच मिनिटे. घरात इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर जोडावा. नसेल तर यूएसबीवर चालणारा हवेचा पंप घेऊन तो पॉवर बँकवर लावावा. दोन वॉटचा पंप १० हजार एमएएचच्या पॉवर बँकवर दहा-बारा तास चालतो. काही पॉवर बँक भार कमी असला की आपोआप बंद पडतात, म्हणून ही जोडणी आधीच करून पाहावी. वीज नसताना खाद्य घालू नये. उपाशी मासा काही दिवस आरामात काढतो, कुजलेले खाद्य मात्र प्राणवायू खाते.

कोणाला घरी आणायचे

४५ लिटरमध्ये क्लाउनफिशची एक जोडी आणि दोन-चार लहान गोगलगायी यापेक्षा जास्त काही मावत नाही. या माशाला समुद्रफुलाची सोबत लागतेच असे नाही. हे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा मासा मादी होतो, त्यामुळे एक लहान आणि एक मोठा असे दोन आणले की जोडी जमण्याची शक्यता चांगली असते. नीट ठेवले तर हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. आज पाचवीत असलेले मूल कॉलेजात जाईल तेव्हाही त्याला रोज खाद्य घालावे लागेल, हे आधीच ठरवून घ्यावे.

मासा घेताना तो हॅचरीत वाढलेला आहे का, हे विचारावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे आणि देशात अशा हॅचऱ्या आहेत. जगाच्या काही भागांत प्रवाळांतले मासे सायनाइड फवारून बेशुद्ध करून पकडले जातात. असा मासा दुकानात ठीक दिसतो आणि घरी आल्यावर मरतो. हॅचरीतला मासा टाकीतल्या जगण्याला आणि खाद्याला सरावलेला असतो.

कायद्याचीही बाजू आहे. दगडी प्रवाळ, सागरी पंखे, समुद्रघोडे, सागरी काकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते पकडणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा ठरतो. मालवणला सहलीला गेल्यावर प्रवाळाचा दगड पिशवीत घालून आणणे हाही त्यातलाच प्रकार. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

नको झालेला कोणताही मासा नदीत किंवा धरणात सोडू नये. शोभेच्या टाक्यांत काच साफ करायला ठेवला जाणारा सकर मासा उजनीच्या पाण्यात पोचला आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, उलट काट्यांनी जाळी फाटतात. टाकीतून काढलेले खारे पाणीही कुंडीत किंवा परसातल्या झाडांना घालू नये. चोपण जमिनीचे नुकसान या भागाला माहीत आहे. ते मोरीत ओतावे.

हाताची आणि विजेची काळजी

समुद्राचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभरेक पटींनी अधिक वीजवाहक असते. त्यामुळे टाकीचा प्लग पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावा, प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी तिथेच टपकेल, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. हात पाण्यात घालण्यापूर्वी हीटर बंद करावा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. क्षयाच्या जिवाणूचा एक नातेवाईक, मायकोबॅक्टेरियम मरिनम, माशांच्या टाक्यांत आढळतो. १९२६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो पहिल्यांदा सापडला. हातावर कापलेले-खरचटलेले असताना टाकी साफ केली, तर तो त्वचेत शिरतो. दोन-तीन आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर लालसर गाठ येते, ती बरी होत नाही आणि कधी कधी हातावर वर सरकत जाते. उपचार आहेत, पण औषधे काही महिने घ्यावी लागतात. निदानाला उशीर होतो तो बहुधा डॉक्टरांना फिश टँकबद्दल कोणी सांगत नाही म्हणून. बरी न होणारी गाठ दाखवायला जाल, तेव्हा घरात टाकी आहे हे आवर्जून सांगावे. सफाईला रबरी हातमोजे घालावेत, नळी तोंडाने ओढून पाणी काढू नये, आणि लहान मुले, मधुमेही व प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम करू नये.

‘बटण पॉलिप’ म्हणून विकले जाणारे काही सागरी जीव पॅलिटॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य तयार करतात. ते चिकटलेला दगड उकळल्याने किंवा घासल्याने वाफेतून, तुषारांतून अख्ख्या घराला विषबाधा झाल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. घरगुती टाकीत त्यांना थाराच देऊ नये.

पहिला उन्हाळा रिकाम्या टाकीचा

एवढे करून हाती काय लागते? इंग्लंडमध्ये प्लिमथच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यालयात एका मोठ्या टाकीत टप्प्याटप्प्याने मासे सोडले जात होते. तेव्हा ती पाहणाऱ्यांचे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब मोजण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टाकीपुढे बसल्यावर दोन्ही उतरल्याचे दिसले. मासे वाढले तसे ठोके आणखी उतरले आणि लोक अधिक वेळ रमले. मात्र मासे नसलेल्या टाकीपुढेही माणसे शांत झाली होती.

शिरूर-दौंडमध्ये ही टाकी मांडणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. टाकी फेब्रुवारी-मार्चमध्ये भरावी, जिवाणू वाढू द्यावेत आणि एप्रिल-मे मासे न आणताच काढावेत. रोज सकाळी पाण्याची भर, दुपारी तीन वाजता तापमान, आठवड्याला वजनकाट्यावर बाटली, एवढे वहीत लिहीत जावे. अमोनिया पचवणारे जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाकावे. या काळात दोन-चार वेळा वीज जाईल, एखादे लग्न निघेल आणि घर तीन दिवस बंद राहील. तरीही तापमान २८ अंशांच्या आसपास आणि बाटलीचे वजन १०२६ च्या जवळ राहिले, तर पहिला पाऊस पडल्यावर हॅचरीतल्या दोन छोट्या माशांची मागणी नोंदवायला हरकत नाही. आकडे हलत राहिले, तर चूक शोधायला वेळ मिळेल आणि त्या चुकीपायी एकाही माशाचा जीव गेलेला नसेल.